बर्फाच्या कारखान्याच्या दारात नव्वद किलो

आमची वाडी वसईजवळच्या होळी गावात. केळी आणि पानवेली. घरातल्या सगळ्यांचे हात केळीच्या चिकानं काळे, आणि मला त्या झाडांचा मनापासून कंटाळा. केळीला रोग पडतो, पानवेलीला ऊन लागतं, बर्फाला काय होणार आहे, असा सखोल विचार करून मी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अर्नाळ्याला बर्फाचा कारखाना काढला. बर्फाला काय होऊ शकतं हे कळायला मला चार वर्षं लागली.

भागीदार होता माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. हुशार, टापटिपीचा, आणि कुठल्याही गोष्टीची मीटिंग घेणारा. आता तो मुंबईतल्या हॉटेलांमध्ये 'संकटातलं नेतृत्व' ह्या विषयावर भाषणं देतो. त्यात आमच्या कारखान्याची ही गोष्ट येते आणि त्यात सगळं तोच करतो. मी एकदा मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं. छान सांगतो. म्हणून म्हटलं, आपलीही बाजू लिहून ठेवावी.

तिसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे आमचे ऑपरेटर काका. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. आधीच्या एका कारखान्यात डोळ्यात अमोनिया गेल्यामुळे त्यांचा डावा डोळा कायम अर्धा मिटलेला. बर्फाच्या कारखान्यात थंडावा येतो तो ह्या अमोनियामुळे; नळ्यांमध्ये असतो तोवर गरीब गाय, बाहेर आला की माणसाचा श्वास कोंडतो. आषाढात काका मला म्हणाले, "शेठ, मोठ्या व्हॉल्व्हचं पॅकिंग झिजलंय, गॅस झिरपेल. बदलायला हवं. दोन दिवस मशीन बंद ठेवू."

मी म्हणालो, "नारळी पौर्णिमा होऊ दे, काका. बोटी जाऊ देत, मग बघू."

हे वाक्य मेव्हण्याच्या भाषणात नाही. ते माझं आहे आणि ते मी बोललो.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मासेमारीच्या बोटींची बर्फ भरून निघायची तयारी चालली होती. आमचे सगळे डबे बर्फानं भरलेले, बाहेर टेम्पो उभे. मी ऑफिसात भजी खात होतो. तेवढ्यात नाकात सुई घुसल्यासारखा वास आला आणि काका ओरडले, "बाहेर निघा! सगळे बाहेर!" त्यांनी मेन स्विच पाडला आणि आतल्या सहाही कामगारांना अक्षरशः ढकलत अंगणात आणलं. डोकी मोजली. सगळे होते. मी भज्यांची बशी हातात घेऊन बाहेर आलो होतो, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.

मेव्हण्यानं ताबडतोब फाटकापाशी मीटिंग घेतली. "भावोजी, पहिली गोष्ट, बाहेर बोंब होता कामा नये. नाव जाईल. गॅस आपोआप विरतो."

आता, वारा समुद्राकडून होता आणि कारखान्याच्या मागे कोळ्यांची गल्ली. विरणारा गॅस कुठे जाऊन विरणार हे केळीच्या झाडालाही कळलं असतं. पण मी लगेच बोललो नाही. नाव जाईल हे माझ्याही मनात होतं. पाच मिनिटं असतील, मी नुसता उभा राहिलो. त्या पाच मिनिटांचा मला अजून राग येतो.

मग त्या गल्लीतली एक मावशी तोंडाला पदर लावून फाटकाशी आली. मासळी बाजारात तिच्यापुढे कुणी आवाज चढवत नसे. "ए शेट, काय सोडलंस रं? पोरांचे डोले जलतान!"

मेव्हणा म्हणाला, "काही नाही मावशी, साफसफाई—"

"अमोनिया फुटलाय," मी म्हणालो. "चूक माझी आहे. गल्ली रिकामी करा. किनाऱ्यावर जाऊ नका, गॅस येतोय त्या रेषेतून बाजूला निघा, देवळाकडे. तोंडावर ओला फडका धरा."

तिनं मला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही, आणि वळली. एवढी मोठी गल्ली, पण आमची मीटिंग संपायच्या आत तिनं ती रिकामी केली. दोन म्हाताऱ्या तर खाटांसकट उचलून नेल्या.

मी रस्त्यापलीकडच्या दुकानातून आगीच्या बंबाला फोन लावला. परत आलो तर काका डोक्याला ओला टॉवेल गुंडाळत होते. "दोन मिनिटांचं काम आहे. व्हॉल्व्ह कुठे आहे ते मलाच ठाऊक."

"जाऊ दे ना त्यांना," मेव्हणा म्हणाला. "अनुभवी माणूस आहे."

खरं सांगतो, मलाही वाटलं, जाऊ दे. दोन मिनिटांत सगळं मिटेल, बर्फ वाचेल, बोटी जातील. पण काकांचा तो अर्धा डोळा माझ्याकडेच बघत होता. वाद घालण्यात मी काकांना कधी जिंकलेलो नाही. तेव्हा माझं वजन नव्वद किलो होतं. मी जाऊन दारात फतकल मारून बसलो.

"शेठ, उठा."

"नाही उठणार."

"वेडेपणा करू नका!"

"काका, मला उचलून बाजूला करा आणि जा."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. जमलं नाही. माझे डोळे गळत होते, नाक वाहत होतं, खोकून खोकून भजी वर येत होती. शेवटी तेच म्हणाले, "बरं, नाही जात. पण तुम्ही तरी इथून हला, मराल!" आम्ही दोघं एकमेकांना धरून फाटकाबाहेर आलो.

बंब आला. जवानांनी दारातून पाण्याचे फवारे धरले, मुखवटा लावलेला एक जण आत शिरला, आणि काका बाहेरून बेंबीच्या देठापासून त्याला रस्ता सांगत राहिले. "पिंपाच्या मागं! त्याच्या वरचा! उलटा नको फिरवू!" व्हॉल्व्ह बंद झाला. गल्लीतल्या तिघांना दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत तिघंही घरी आले.

मग बर्फाचा प्रश्न. मेव्हण्याचं म्हणणं, डबे बंद होते, विकून टाकू, कुणाला कळतंय. काकांनी एक लादी फोडून हुंगली आणि नाक मुरडून बाजूला सारली. मी सगळा बर्फ फेकून द्यायला सांगितला. बोटींना बर्फ तर हवाच होता, म्हणून मी वसईच्या एका कारखानदाराला फोन केला. आमच्यात दोन वर्षं बोलणं नव्हतं, कारण त्याची निम्मी गिऱ्हाइकं मीच पळवली होती. तो आधी मनसोक्त हसला. मग म्हणाला, "ट्रक पाठवतो. पण बोटवाल्यांशी मीच बोलणार." मी बोल म्हटलं. बोटी दुसऱ्या दिवशी निघाल्या.

आमचा कारखाना दीड महिना बंद राहिला. सगळं पॅकिंग नवं घातलं, गल्लीच्या तोंडाशी भोंगा बसवला. त्याचं बटण मावशीच्या घरात, ही तिचीच अट. मी गल्लीत घरोघरी जाऊन माफी मागितली. कुणी पाणी दिलं, कुणी दारच उघडलं नाही. मावशीनं लेकीच्या लग्नाला लागेल तेवढा बर्फ मागितला आणि आम्ही तो दिला. एक तृतीयांश बोटी मात्र त्या वसईवाल्याकडेच राहिल्या, कायमच्या. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं.