खंड्याखालचं नाव

सोसायटीच्या गेटवर वृक्षारोपणाचा फ्लेक्स लागलाय. त्यावरचा निळा खंड्या आत्ता उडेल असा दिसतो. फोटो इंटरनेटवरचा. काढणाऱ्याने तो कुणालाही फुकट वापरू दिलाय. फक्त खाली माझं नाव लिहा, एवढंच त्याचं म्हणणं. फ्लेक्स करताना ते नाव मीच काढून टाकलं, कारण कमिटीतल्या सगळ्यांची नावं बसत नव्हती. ओढ्याकाठी श्वास रोखून कोणीतरी किती वेळ बसलं असेल! नाव मागणं म्हणजे तरी काय? मी तिथे होतो, एवढंच सांगणं. आम्ही तर कुठेच नव्हतो.

शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन थबकल्या. ‘संकल्पना’ या शब्दापुढचं माझं नाव वाचून म्हणाल्या, “फोटो तुम्हीच काढलात? सुरेख आलाय हो!”

“थँक्यू,” मी म्हणालो.