दोघांत वाटलेला आठवडा

पन्नाशी उलटली की माणसं चहातली साखर कमी करतात, सकाळी चालायला लागतात, फार झालं तर केसांना कलप लावतात. घड्याळवाल्याने जिममध्ये नाव घातलं. गल्लीला चांगली करमणूक झाली, कारण हा माणूस म्हणजे अस्सल काडीपैलवान. उभा जन्म एका अरुंद दुकानात, डोळ्याला भिंग लावून, टेबलावर वाकून गेलेला. त्याने उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ, आणि तेही उतरवताना तो शेजारच्या बॅगवाल्याला हाक मारायचा. जिममधल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पाडलं, सेकंदकाटा.

त्याला राग आला नाही. राग यायलाही डोक्यात जागा लागते, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. त्याला बायकोला घेऊन तीन मजले उतरायचे होते.

बायकोच्या कंबरेखालचं बळ एका आजारात गेलं होतं. वरचं सगळं शाबूत होतं, जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली होती. खिडकीपाशी बसून ती लोकांचे कपडे रफू करायची, काजं करायची, बटणं लावायची. इमारतीला लिफ्ट नव्हती. दवाखान्यात जायचं असलं की खालच्या मजल्यावरचा रंगारी आणि त्याचा भाऊ तिला खुर्चीत बसवून उतरवायचे. माणसं भली होती, एक पैसा घ्यायची नाहीत. पण जिन्याच्या वळणावर रंगारी दर वेळी ओरडायचा, "तिरकं घे, तिरकं! कपाट नेताना इथंच टवका उडाला होता!" ती डोळे मिटून घ्यायची. एक दिवस घरी आल्यावर म्हणाली, "दवाखान्यापुरतं चालेल. एरवी मला कुठं न्यायचं नाव काढू नका. मी काय कपाट आहे?"

त्यानंतर दवाखान्याखेरीज ती खाली उतरली नाही. ज्या बाईला भाजीवालीशी घासाघीस केल्याशिवाय दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटायचा नाही, ती तिसऱ्या मजल्यावरून रस्ता बघत बसू लागली. एकदा हसत हसत बोलून गेली, "तुमच्या अंगात जरा जोर असता, तर तुमच्याबरोबर गेले असते हो." आणि लगेच दोऱ्याचं रीळ शोधायला लागली. तिच्या मते तो विनोद होता. त्याला तो चांगलाच झोंबला.

जिमच्या मास्तरांची मान आणि डोकं यांची रुंदी सारखीच होती, आवाज मात्र एखाद्या बालवाडीच्या बाईंसारखा मऊ. त्यांनी घड्याळवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बोला काका. पोट कमी करायचं म्हणाल, तर ते तुम्हाला आहेच कुठं?"

"माणूस उचलायचाय."

"कुणाला?"

"बायकोला. तीन जिने."

मास्तर हसले नाहीत. माणूस तिथेच कळला. त्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. "आठवडा लावायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, तीन दिवस यायचं आणि दर वेळी सगळं अंग घ्यायचं. दुसरी, चार दिवस. दोन दिवस कंबरेच्या वर, दोन दिवस कंबरेखाली. तिसरी ही समोरची पोरं करतात ती. रोज एकच भाग. आज छाती, उद्या पाठ, मग पाय, मग खांदे, मग दंड. तुम्ही नवे आहात. पहिली धरा. प्रत्येक स्नायूला आठवड्यात दोन-तीनदा काम मिळालं की अंग लवकर भरतं."

घड्याळवाल्याने तिसरी धरली. दुसरा कुणी असता तर दिखाव्याला भुलला असं म्हटलं असतं. इथे कारण वेगळं होतं. घड्याळ दुरुस्त करताना एक भाग सोडवायचा, पुसायचा, तेल द्यायचं, जागेवर बसवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा, हे त्याच्या हाडीमांसी मुरलं होतं. सगळं अंग एकदम उघडून बसायचं ही कल्पनाच त्याला अडाणीपणाची वाटली. मास्तरांनी दोनदा समजावलं आणि शेवटी हात टेकले. काही माणसांना चूक स्वतःच्या हाताने केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि हा तर हाताने काम करणाराच माणूस.

घरी त्याने सांगितलं की पाठ दुखते म्हणून व्यायाम करतोय. तो अंडी खायला लागला, दोन वेळा दूध प्यायला लागला. काही आठवड्यांनी सदरा खांद्यात दाटायला लागला, तेव्हा बायकोने शिवण उसवून सैल करून दिली आणि म्हणाली, "पाठदुखी भलतीच मानवलेली दिसतेय तुम्हाला." पण पाय होते तसेच राहिले. पायांची पाळी बुधवारी यायची, आणि पुढच्या बुधवारपर्यंत पाय सगळं विसरून मोकळे व्हायचे. तळमजल्यावरून तांदळाची गोणी वर आणून बघितली, तर पहिल्याच मजल्यावर मांड्यांनी दगा दिला. तो गोणीवर बसून राहिला, आणि वरून उतरणाऱ्या रंगाऱ्याला म्हणाला की जरा वारा खातोय.

त्याहून वाईट गोष्ट दुकानात घडली. पाठीच्या आणि दंडांच्या दिवशी लोखंडी दांडा घट्ट धरून ओढावा लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी बोटं थरथरायची. इतरांना ती थरथर कळलीही नसती. पण घड्याळाच्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंगची कमान असते, तिला कळते. एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं नाजूक घड्याळ उघडलेलं असताना चिमटा किंचित ढळला आणि कमान वाकडी झाली. त्याने बाईंना सरळ सांगितलं, माफी मागितली, नवी कमान मागवली. इतक्या वर्षांत हे असं पहिल्यांदा झालं होतं.

बायकोला कळायला वेळ लागला नाही. दुकानात जाण्यापूर्वी तो तिला दिवसभर पुरतील एवढ्या सुया ओवून, उशीला टोचून ठेवायचा. तिचे डोळे अधू होते अशातला भाग नाही. लग्न झाल्यापासून तोच ओवायचा, आणि सुईकडे न बघता बोलत बोलत ओवायचा. एका सकाळी दोरा एकदा सुईच्या अलीकडून गेला, एकदा पलीकडून. त्याने तो तोंडात घालून ओला केला. पुन्हा तेच.

"हात बघू," ती म्हणाली.

"काही नाही गं, थंडीने."

"थंडी कुठाय? बघू म्हणते ना."

तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तळव्यांना घट्टे पडले होते आणि बोटं बारीक थरथरत होती. मग त्याला खरं सांगावं लागलं. जिना, गोणी, मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ, सगळंच. ती ऐकत राहिली आणि मग तिचा पारा चढला.

"माझ्यासाठी हे धंदे? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच म्हणालीस, जोर असता तर—"

"मी दिवसभर काय काय म्हणते, ते सगळं कधी ऐकलंत? नेमकं हेच बरं ऐकलंत!"

"मी नाजूक काम सोडतो. सेल आणि पट्टे बदलूनही दुकान चालतं."

हे ऐकून तिने मान खाली घातली. त्याला वाटलं, पटलं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला या माणसाच्या रूपाचं, पैशाचं, बोलण्याचं कशाचंच कौतुक कधी वाटलं नव्हतं, आणि तिने ते लपवलंही नव्हतं. पण त्याच्या हातांचा तिला अभिमान होता. मुलगी बघायला आला तेव्हा तो मान खाली घालून तिच्या वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ उघडून बसला होता. ती त्या बोटांकडे बघत राहिली आणि हो म्हणाली होती.

"पट्टे बदलणाऱ्या माणसाच्या हातून मला खाली जायचं नाही," ती म्हणाली. "मी वरच बरी."

तो खाली मान घालून मास्तरांकडे गेला. मास्तरांनी "मी सांगत होतो" असं म्हटलं नाही. त्यांनी त्याच्या कामाचा आठवडा विचारून घेतला. नाजूक घड्याळं कधी उघडता, दुकान कधी बंद असतं, गर्दी कधी असते. मग बराच वेळ कान खाजवत बसले.

"पायांचं मी बघतो, काका. दांडा खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या, पाठीवर वाळूची पिशवी घेऊन पायरी चढायची. हातांना त्रासच नाही. आठवड्यातून दोनदा केलं तर पाय भरतील. पण हातांवर माणूस घ्यायचा म्हणजे पंजात आणि दंडांत ताकद पाहिजे. ती कमवायची तर हात दमणारच. त्याला माझ्याकडे उपाय नाही."

रात्री जेवताना त्याने बायकोला हे सांगितलं. जिम सोडायचं ठरवलंच होतं, तेवढं कारण सांगून मोकळं व्हायचं होतं. "पाय होतील म्हणाले. पण धरणार कोण, तिथं घोडं अडलं."

ती पाणी पीत होती. भांडं खाली ठेवून म्हणाली, "मी धरीन की."

"म्हणजे?"

"हातांवर कशाला उचलताय? मी काय नवी नवरी आहे? पाठीवर घ्या. पाय तुमचे, हात माझे."

इतके महिने तो एकटाच या गणिताशी झटत होता आणि त्यात ती फक्त ओझं म्हणून होती. हे लक्षात आलं तेव्हा त्याला लाज वाटली, आणि त्याने तसं तिला सांगितलंही. "असू दे," ती म्हणाली, "आमटी घ्या अजून."

व्यायामोपचार करायला येणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी तिचे खांदे, मनगटं, पाठ तपासली आणि परवानगी दिली. अट एकच, तिच्या हातांना आधी तयार करायचं. बॅगवाल्याने जाड पट्ट्यांची एक झोळी शिवून दिली. ती तिच्या खालून घ्यायची आणि याच्या खांद्यांवरून, म्हणजे भार पट्ट्यांवर आणि याचे हात कठडा धरायला मोकळे. तिने मात्र त्याच्या गळ्याखाली हात गुंफून स्वतःला ताठ धरून ठेवायचं. सैल पडली की दोघांचा तोल गेला.

मास्तर स्वतः घरी आले. आयुष्यात त्यांनी शेकडो लोकांचे आठवडे लावून दिले असतील, पण एक आठवडा दोन माणसांत वाटायची ही त्यांची पहिलीच वेळ. सोमवार आणि गुरुवार त्याचे, पाय आणि कंबर. मंगळवार आणि शुक्रवार तिचे. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो छातीशी ओढायचा, दोन हातांनी खुर्चीवरून अंग वर उचलायचं, पिळलेला टॉवेल मुठीत आवळून धरायचा. बुधवार नाजूक घड्याळांचा, त्या दिवशी कुणीच काही करायचं नाही. शनिवारी दोघांनी मिळून. मास्तर सांगत होते आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी म्हणाली, "मास्तर, तुमचं तिसरं बटण लोंबतंय. शर्ट काढा, लावून देते." एवढा धिप्पाड गडी बनियनवर अंग चोरून बसला, आणि तिने बटण लावता लावता टॉवेल किती वेळ धरायचा ते पुन्हा नीट विचारून घेतलं.

पहिल्या शनिवारी तो पलंगाच्या कडेला बसला, ती पाठीला बिलगली, तो उठला आणि दोघेही मागच्या मागे गादीवर पडले. इतके हसले की खालून रंगाऱ्याने छतावर काठी आपटली. पुढच्या शनिवारी दारापर्यंत गेले. मग स्वयंपाकघरात फेरी झाली, आणि तिने कित्येक दिवसांनी वरच्या फळीवरच्या डब्यांची धूळ बघून त्याला चार गोष्टी सुनावल्या. तिचे दंड भरत गेले. नाही म्हटलं तरी त्याच्यापेक्षा जरा जास्तच भरले, आणि जिममधल्या पोरांना हे कळल्यावर सेकंदकाट्याची पुन्हा थट्टा झाली. एका बुधवारी मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ नव्या कमानीसह चालू झालं.

आणि मग एका संध्याकाळी ते निघाले. तिने इस्त्रीची साडी नेसली होती. रंगारी म्हणाला, "मी पुढं चालतो, अडीनडीला असलेलं बरं." "चाला," ती म्हणाली, "पण हात लावायचा नाही."

तो कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. बैठकांनी कमावलेले पाय आता न बोलता काम करत होते. वळणावर जरा थबकला. तिचा श्वास त्याच्या कानाशी लागत होता.

"दमलात?"

"नाही."

"खोटं बोलू नका. कान लाल झालेत."

"तू दमलीस?"

"मी? छे!" पण तिचे हात कापायला लागले होते, त्याला छातीवर ते जाणवत होतं. त्याने पावलं जरा उचलली. रंगारी पुढे उलटा चालत होता आणि त्याच्या तोंडातून एक अक्षर निघत नव्हतं.

फाटकापाशी बाकडं होतं. रस्त्यावर दिवे लागत होते, एक बाई पोराला ओढत नेत होती, भाजीवाली उरलेल्या जुड्यांवर पाणी मारत होती. घड्याळवाला बाकड्याकडे पाठ करून हळूहळू खाली बसला. ती बाकड्यावर टेकली, पट्टे सैल झाले. पण तिने हात सोडले नाहीत.

त्याला वाटलं, घाबरली. "अगं, पोचलो आपण. सोड आता."

"माहितीय."

"मग?"

तिचा आवाज अगदी त्याच्या कानाशी आला. "आजारी पडल्यापासून जो येतो तो मलाच धरतो. आज मी कुणाला तरी धरलंय. जरा वेळ धरू द्या."

तो तसाच बसून राहिला. भाजीवालीने ओळखून हाक मारली, तरी ती लगेच हलली नाही.