नळीला लावलेला कान

आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात बाळंतपणाचं शिक्षण घेतलेल्या नव्या सिस्टर आल्या आहेत. मी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. आत एक गरोदर सून तपासणीला आडवी झाली होती आणि तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासूबाई देत होत्या.

"झोप लागते का गं?"

"भरपूर झोपते."

मला चीडच आली. सिस्टर आता सासूबाईंना बाहेर काढतील, असं वाटलं. पण सिस्टरनी सुनेच्या पोटावर कर्ण्यासारखी छोटी नळी टेकवली, बाळाचे ठोके शोधले आणि म्हणाल्या, "आजी, या. इथे कान लावा."

सासूबाई वाकल्या. हातानेच त्यांनी आम्हा सगळ्यांना गप्प केलं. त्या शांततेत सून हळूच म्हणाली, "झोप येत नाही हो मला."

कितीतरी वेळाने सासूबाई सरळ झाल्या. "माझी पोरंही अशीच वाजत असतील का हो? आम्हाला कुणी ऐकवलंच नाही."

मलाही कुणी ऐकवलं नव्हतं. इतकी वर्षं दवाखान्यांचे आभार मानले ते औषधांसाठी. कुणी आपल्याला ऐकायला बोलावलं, याचेही आभार मानायचे असतात, हे आज कळलं.

माझ्याकडे बघून सून हसली. "या ना काकू, तुम्हीपण ऐका."

देवळात शिरताना काढते तशी मी चप्पल बाहेर काढली. नळीपाशी वाकले, तर सासूबाईंनी माझा खांदा धरला.

"हळू हं. तिची झोप झालेली नाही."