पत्रिकेतले सगळे स्वर्गीय

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी हे गंभीरपणे सांगणार आहे. पांढुर्ण्यात अशी गल्ली नाही जिथं मी कोणाची थट्टा केली नाही. माझी फजिती मात्र झाली सौंसरला, अन् तीसुद्धा छापील.

नव्वद साल उजाडायला वर्ष-दीड वर्ष होतं. माझा धाकटा भाऊ मारोती, त्याची पोरगी शालू. तिची सोयरीक सौंसरला संत्र्याच्या बागायतदाराकडे जुळली. पोरगा चांगला होता, पण त्या घरात शब्द चालायचा पोराच्या मोठ्या काकांचा. त्यांना सगळे बापूजी म्हणत. या बापूजींनी आधी एक जुळलेली सोयरीक मोडली होती. पाहुण्यांपैकी कोणी तरी पंगतीत थट्टा केली एवढंच कारण. हात धुवायच्या आधी मोडली.

मारोतीनं मला बसस्टँडवर सोडताना बजावलं, "नाना, सौंसरले तोंड बंद ठेवजा. तिथं मस्करी चालत नाही."

"मी कधी मस्करी करतो?" मी विचारलं.

त्यानं मला बसमध्ये ढकललं.

काम साधं होतं. दोन्ही घरची लग्नपत्रिका एकच काढायची, अन् ती सौंसरच्या कॉम्प्युटरवर. मास्तरीणबाई लीलाताई नागपूरला जाऊन ते शिकून आल्या होत्या अन् घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मशीन मांडलं होतं. आधी नमुन्याचा एक कागद काढायचा, तो बापूजी पाहणार, त्यांनी मान हलवली की बाकीच्या छापायच्या.

मी नावांची यादी दिली. लीलाताईंनी टकटक सुरू केलं. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटायला लागली. मी खुर्ची ओढून बसलो. पाहतो तर काय, नावांच्या मध्येमध्ये चौकोनी कंस अन् त्यांत भलतंच काही. 'मधोमध', 'ठळक', 'वेल', मग तेच शब्द पुन्हा, तिरपी रेघ लावून.

"ताई, हे काय लिहून राहिल्या तुम्ही? आमच्या पोरीच्या लग्नात ठळक कोण आहे?"

"नाना, ह्या खुणा आहेत. मशीनले सांगाव लागते, इथून नाव ठळक कर, अन् रेघेची खूण आली का थांब. कागदावर त्या येत नाहीत."

"मंग इथं कायले दिसून राहिल्या?"

"ही लिहायची फ्लॉपी आहे. पाहायची फ्लॉपी वेगळी. ती टाकली का पत्रिका जशी छापून येईल तशी काचेवर दिसते. आधी सगळं लिहू द्या."

मी मान हलवली. मी मान हलवतो तेव्हा मला काही समजलेलं नसतं, हे घरच्यांना ठाऊक आहे. लीलाताईंना नव्हतं.

आता माझं काय चुकलं ते पाहा. सातवीत शाळा सुटली तरी छापखान्याचा अनुभव मला दांडगा. मागे एकदा आम्ही मजकुराच्या कागदावर 'हे जरा मोठं छापा' असं लिहून दिलं होतं, तर ते 'हे जरा मोठं छापा' आमंत्रणात छापून आलं, अन् चांगलं मोठं आलं. छापणाऱ्याला जे दिसतं ते तो छापतो, ही माझी पक्की समजूत.

दुपारी लीलाताई सासूबाईंना जेवायला वाढायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "एखाद्या नावाची वेलांटी चुकली असंन तर पाहून ठेवा. बाणाच्या बटणानं पुढं जा. हे बटण मागचं अक्षर खाते."

मी वेलांटी पाहिली नाही. मी कंस पाहिले. एका बोटानं एकेक खूण खाऊन टाकली. बाईंचा घोळ आपण निस्तरून राहिलो, बाई खूश होतील, या विचारानं मला भारी गुदगुल्या होत होत्या. फक्त एका ठिकाणी बोट थबकलं. नवरा-नवरीच्या खाली आमच्या गेलेल्या वडिलांचं नाव होतं, अन् त्याच्या आधी कंसात 'स्वर्गीय'. हा शब्द तर बरोबरच होता! बापाच्या नावापुढचं स्वर्गीय कोण खोडतं? तो मी हात जोडून तसाच ठेवला. वडिलांच्या नावानंतर तोच शब्द पुन्हा रेघ लावून आला होता. एका माणसाला दोनदा कशाला? तो खाल्ला.

लीलाताई बाहेर आल्या तेव्हा दारात बापूजी उभे. पांढरं धोतर, हातात छत्री, चेहऱ्यावर काही नाही.

"झाला का नमुना?"

"दोन मिनिटं बापूजी, पाहायची फ्लॉपी टाकून एकदा नजर टाकते."

"मी पाहिलं ताई," मी म्हटलं. "एकदम साफ आहे. काढा."

बापूजींसमोर वाद नको म्हणून त्यांनी बटण दाबलं. मशीननं करकरत कागद ओकला. बापूजींनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.

"नवरा-नवरी तेवढे वाचले," ते म्हणाले.

मी कागद पाहिला. माझ्या बापाच्या नावापुढे 'स्व.' होतं, ते ठीक. त्याखाली स्व. मारोतराव. मारोतीच्या खाली मी, स्व. त्याखाली स्व. बापूजी, त्यांचे तीन भाऊ अन् दोन्हीकडचे सगळे मामे, ओळीनं स्व. सगळ्यात शेवटी स्व. स्थळ सौंसर अन् स्व. भोजन सायंकाळी सात.

"थांबायची खूण कुठं गेली?" लीलाताई हळूच म्हणाल्या. "'स्वर्गीय' ही खूणच होती. ती बंद करेपर्यंत मशीन ओळीओळीले स्व. लावते. स्वर्गीय चालू झालं, ते बंदच नाही झालं."

बापूजींनी कागदाची घडी केली. "पांढुर्ण्याचे नानाभाऊ तुम्हीच ना? तुमच्या मस्करीचं सौंसरलेही ऐकून आहो आम्ही."

शालूचं लग्न त्या घडीत होतं.

"बापूजी, मस्करी नाही जी."

"मंग काय आहे? जित्या माणसाले मारून टाकलं तुम्ही. सव्वीस माणसं. मी ओळी मोजल्या."

"मोजल्यात स्थळ अन् भोजनही आलं जी," मी म्हटलं, अन् जीभ चावली.

बापूजी छत्री उचलून निघाले. मग मी आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. दारात आडवा आलो, हात जोडले.

"बापूजी, शपथ घेऊन सांगतो. मी मस्करी केली नाही. मले काही समजत नाही. ताईनं समजावून सांगितलं तेव्हाही समजलं नव्हतं, उगीच मान हलवली. मी मूर्ख माणूस आहो."

बापूजींनी लीलाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "खरंच सांगून राहिले जी ते. मी मघापासून ऐकून राहिली."

बापूजींनी छत्री खाली ठेवली. "मस्करीवाला आमच्या घरात चालत नाही," ते म्हणाले. "मूर्ख चालते. तीन आहेत."

लग्न झालं. पण मला एक गोष्ट अजून सलते. तीस वर्षं मी पांढुर्ण्यात खरं बोललो तरी लोक म्हणायचे, हा फेकते. अन् त्या दिवशी मी मूर्ख आहो म्हटलं, तर सौंसरात एकानंही पुरावा मागितला नाही.