दोन कॉफींचं बिल

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. हाताला ग्रीसचा वास इतका मुरलेला, की बायको होती तोवर म्हणायची, "तुम्ही कितीही आंघोळ करा, घरात लिफ्टच शिरल्यासारखी वाटते." ती गेली, ते निवृत्त झाले, पेन्शन सुरू झाली. माणूस एकटा पण टुकीने राहणारा. उधारी नाही, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

अशा माणसाला एका सकाळी फोन आला. पलीकडचा अगदी अदबीने म्हणाला, की तुमची पेन्शन आजपासून बंद होते आहे, चालू ठेवायची तर मोबाइलवर आलेला आकडा सांगा. मिस्त्रींनी चष्मा लावून आकडा सांगितला. दहा मिनिटांत साठवलेल्या पैशातला तिसरा हिस्सा गेला.

त्याच संध्याकाळी थोरली मुलगी आली. ती विमा कंपनीत होती. लोकांनी पाठवलेली बिलं तपासायची आणि त्यातली खोटी हुडकून काढायची, हे तिचं काम. ती रागावली नाही. वडिलांचा फोन घेऊन टेबलाशी बसली आणि तासाभराने तो त्यांच्यापुढे सरकवला.

"बाबा, पेन्शन मोठ्या खात्यात राहील. त्याचा पासवर्ड माझ्याकडे. हे दुसरं खातं फक्त रोजच्या खर्चाचं. दर सोमवारी यात ठरलेली रक्कम येईल. हे त्याचं कार्ड. उद्या पुन्हा कुणी फसवलं तरी जाईल ते आठवड्याचं. बाकीचं सुरक्षित."

मिस्त्रींना ते पटलं. लिफ्टलाही असंच असतं. दोर तुटला तरी ब्रेक लागतो आणि डबा वीतभरच खाली येतो. ॲपमध्ये तिने कप्पे पाडून दिले होते. किराणा, औषधं, वीज, बाहेरचं खाणं. खर्च केला की त्या कप्प्यातला आकडा कमी व्हायचा. मिस्त्रींना यंत्रांची आवड, त्यामुळे पहिले चार दिवस त्यांनी कौतुकाने ते उघडून पाहिलं.

पाचव्या दिवशी कळलं, की त्यांचा फोन टिंग वाजला की थोरलीचाही वाजतो.

"बाबा, आज दोनदा दूध?"

"एक नासलं गं."

"मग फ्रिज जरा वाढवून ठेवा."

बोलणं एवढंच. आवाजही गोड. पण हळूहळू मिस्त्री दुकानात उभे राहिले की वस्तूकडे आधी थोरलीच्या डोळ्यांनी बघायला लागले. दाढीचं महागातलं ब्लेड त्यांनी परत ठेवलं. केस स्वतःच कापले, मागच्या बाजूने वेडेवाकडे. कुणी नको म्हणालं नव्हतं. पण विचारेल, एवढी धास्ती पुरायची.

दर गुरुवारी ते डोळ्यांच्या दवाखान्यात जात. डोळ्यांतला दाब वाढला होता, तो मोजून घ्यावा लागे. एकदा त्यांनी नर्सला आपला नंबर विचारला, तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "थांबा. तुम्ही चार नंबरच्या लिफ्टचे मिस्त्री ना?"

मिस्त्री चपापले. "तुम्ही मला ओळखता?"

"बघतेय आज पहिल्यांदा. आवाज ओळखला. मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनवर होते मी. लिफ्ट अडकली की तुम्हालाच फोन लावायचे. तुम्ही म्हणायचात, 'येतो, आतल्यांना सांगा उड्या मारू नका.'"

वीस वर्षं दोघं फोनवर बोलले होते आणि एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मिस्त्री इतके हसले की नर्सने दाराबाहेर डोकं काढलं.

दवाखान्यासमोर बेकरी होती. त्या दिवशी तिथे दोन कॉफी आणि केकचा एक तुकडा, दोघांत अर्धा अर्धा. मग तो शिरस्ताच पडला. बाईंनी पर्स काढली की मिस्त्री म्हणत, "पुढच्या वेळी तुम्ही." पुढच्या वेळीही कार्ड त्यांचंच. असे तेवीस गुरुवार झाले. बाईंचं घर तीन चौक पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. नवरा नाही, मूल नाही, गॅलरीत कुंड्या. मिस्त्री एकदा तिथलं दार घासतं म्हणून बिजागरीत तेल घालून आले होते. त्यापलीकडे काही नाही. आणि त्या वयात तेवढं पुष्कळ होतं.

एका रविवारी दुपारी थोरली आली. चहा झाला. कप बाजूला करून तिने फोन काढला.

"बाबा, दर गुरुवारी बेकरी?"

"दवाखान्यातून येताना कॉफी पितो."

"तिथे कॉफी केवढ्याला मिळते ते मी विचारून आले. हे दोघांचं बिल आहे. तेवीस वेळा. कोण असतं बरोबर?"

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सत्तरीच्या बापाने लेकीला काय सांगायचं? एक बाई आहे, तिच्याशी बोलायला बरं वाटतं, गुरुवारची वाट बघतो? आईच्या फोटोखाली बसून? ते म्हणाले, "कुणी नाही. असते एक बाई. एकटी आहे बिचारी."

"आणि तिचं बिल तुम्ही का देता?"

"मागते ती. नाही म्हणवत नाही."

तोंडातून गेलं आणि मिस्त्रींना वाटलं, चला, सुटलो. थोरलीने फोन पर्समध्ये टाकला. "बरं," म्हणाली. खोटं बिल हाती लागल्यावर ऑफिसातही ती एवढंच म्हणत असावी.

पुढच्या गुरुवारी बेकरीत कार्ड चाललं नाही. मिस्त्रींनी दोनदा लावून पाहिलं.

"मशीन बिघडलंय तुमचं," ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले.

"मशीन चांगलं आहे, काका. कार्डच नाही म्हणतंय."

थोरलीने बाहेरच्या खाण्याच्या कप्प्याला कुलूप लावलं होतं. सांगितलंही नव्हतं. मिस्त्री खिसे चाचपत राहिले. बाई मात्र खुशीत उठल्या. "हा दिवस यायची वाट बघत होते मी! सरका बाजूला." त्यांनी पैसे दिले आणि येताना केकचे दोन तुकडे घेऊन आल्या. मिस्त्रींना तो केक गिळता गिळेना. खरं काय ते सांगायची ही वेळ होती. ते म्हणाले, "बँकवाल्यांचा घोळ असेल काहीतरी."

त्यानंतरच्या गुरुवारी बाईंचा नंबर आधी लागला. "मी जाऊन टेबल धरते," म्हणत त्या पुढे गेल्या. मिस्त्रींच्या डोळ्यांत त्या दिवशी बाहुल्या मोठ्या करणारं औषध घातलं होतं. तासाभराने बाहेर आले तेव्हा रस्ता पांढराफटक आणि धूसर दिसत होता. चाचपडत ते बेकरीत शिरले. नेहमीच्या टेबलावर कुणी नव्हतं.

दवाखान्यात असताना खिशात फोन टिंग वाजला होता. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. अक्षर लागेना. काउंटरवरच्या मुलीपुढे धरला.

"जरा बघ गं, काय आलंय."

तिने वाचलं. "पैसे जमा झालेत, काका. एक हजार चारशे पंच्याण्णव. खाली लिहिलंय, 'बेकरीचे परत'." मग ती घुटमळली. "काका, मघाशी आल्या होत्या त्या तुमची मुलगी ना?"

मग त्या मुलीनेच सगळं सांगितलं. थोरली आली, गुरुवारच्या बाई कोणत्या ते काउंटरवर विचारून त्यांच्या समोर बसली आणि तिने एक छापील कागद टेबलावर ठेवला. तेवीस तारखा, तेवीस रकमा, खाली बेरीज. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुम्ही मागता म्हणून देतात, असं बाबा स्वतः म्हणाले. एकदा लुटले गेलेत ते. आता आणखी किती उकळणार आहात?" बाई कागद नाकाशी धरून बराच वेळ वाचत राहिल्या. मग पर्समधून पाकीट काढलं. त्याला दवाखान्याची चिठ्ठी टाचलेली होती. औषधांचेच पैसे होते ते. त्यांनी बेरजेचा निम्मा हिस्सा मोजून दिला. वरचे पाच सुटे सापडेनात, ते काउंटरवरून मोड करून आणले. थोरलीने नोटा पर्समध्ये ठेवल्या, तिथेच बसून फोनवरून तेवढी रक्कम बाबांच्या खात्यात टाकली आणि कामावर निघून गेली.

"त्या बाई काही म्हणाल्या?" मिस्त्रींनी विचारलं.

"मला म्हणाल्या, माझा कप मीच उचलते."

मिस्त्री त्या धूसर डोळ्यांनीच तीन चौक चालत गेले. लिफ्ट समोर असूनही जिने चढले. बेल वाजवली. दार उघडलं, साखळी मात्र तशीच राहिली.

"एकच विचारते," बाई म्हणाल्या. "मी मागते म्हणून देता, असं तुम्ही म्हणालात का? का तुमच्या मुलीने मनाचं लावलं?"

मुलीवर ढकलता आलं असतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मिस्त्रींनी तेच ठरवलं होतं. पण तीस वर्षं माणसांचे नुसते आवाज ऐकत बसलेली बाई ती. तिच्यापुढे जीभ वळेना.

"म्हणालो," ते म्हणाले. "घाबरलो मी."

"कुणाला? स्वतःच्या मुलीला?"

बाईंनी दार लावलं. ते आता घासत नव्हतं. आवाज न करता बसलं.

रविवारी त्यांनी थोरलीला सारं सांगितलं. बाईंनी कधी छदाम मागितला नाही, उलट मीच देऊ देत नव्हतो. मी खोटं बोललो. थोरली ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरला. एक क्षण वाटलं, ती रडेल. पण ती म्हणाली, "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत, बाबा? मी काय नाही म्हणाले असते?"

कदाचित ती खरंच नाही म्हणाली नसती. ते आता कळायला मार्ग नव्हता, आणि तेच मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं.

"मी त्यांची माफी मागून येते," थोरली म्हणाली. गेलीही. दार उघडलं नाही. मग तिने वडिलांचा फोन घेऊन सगळी कुलपं काढली. मोठ्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून दिला. स्वतःच्या फोनवरची टिंग बंद केली. "आता तुमचे पैसे, तुमचा खर्च. मी विचारणार नाही."

तिने शब्द पाळला. मिस्त्रींनी नवं ब्लेड आणलं, न्हाव्याकडे जाऊन केस नीट करून घेतले. बाहेरच्या खाण्याचा कप्पा दर सोमवारी भरत राहिला, आणि त्यातलं काही कमी होईना. बाईंनी दवाखान्याचा वार बदलून घेतला होता. कोणता घेतला ते नर्स सांगेना.

थंडीच्या सुरुवातीला मिस्त्री औषधाच्या दुकानात रांगेत उभे होते. पुढे दोन माणसं सोडून त्या होत्या. वाळल्या होत्या. दुकानदाराने थेंबांच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या. बाईंनी पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"थोडे कमी आहेत," त्या म्हणाल्या.

"राहू द्या, पुढच्या वेळी द्या," दुकानदार म्हणाला. "रोजच्या आहात."

"नको. मी कुणाचं ठेवत नाही." एक बाटली त्यांनी परत सरकवली. "डाव्या डोळ्याचं नंतर नेईन."

मिस्त्रींच्या खिशात कार्ड होतं. खात्यात पैसे होते. मधे दोनच माणसं होती. त्यांनी एक पाय उचलला आणि होता तिथेच ठेवला. बाई एक बाटली घेऊन वळल्या, अगदी त्यांच्या खांद्याजवळून गेल्या, आणि दारातली पायरी पायाने चाचपत खाली उतरल्या.