दोरा कापायचा नाही

वर्क परमिटवर इंग्लंडात स्लाऊला होतो, तेव्हा आमच्या कंपनीला एका संग्रहालयाचं काम मिळालं. जुन्या पक्ष्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या. खोलीला खिडकी नव्हती. खण ओढला की कापूस भरलेले पक्षी ओळीनं उताणे, डोळ्यांच्या जागीही कापूसच. पायाला दोऱ्यानं चिठ्ठी: कुठल्या बेटावरचा. खण उघडण्याआधी मी खाकरायचो. का, ते अजून सांगता येत नाही.

कॉव्हेंट्रीहून एक मराठी काकू तिथे हौसेनं मदतीला यायच्या. निवृत्त शिक्षिका.

"चिठ्ठी गेली की पक्षी मेला," त्या म्हणायच्या.

"मेलेलाच आहे की, काकू."

"हसू नकोस. शेजारशेजारच्या बेटांवर एकाच पक्ष्याची वेगवेगळी रूपं दिसली, म्हणून तर हे पक्षी गोळा करणाऱ्या त्या माणसाला जाती बदलतात असं सुचलं. आणि काही पक्ष्यांची बेटं लिहायला तोच विसरला! मग बोटीवरच्या सोबत्यांच्या चिठ्ठ्या बघत बसला. म्हणून सांगते, दोरा कापायचा नाही."

मी कापला. चिठ्ठ्या वळलेल्या, स्कॅनरवर सपाट बसेनात. दोन बेटांवरचे दोन मॉकिंगबर्ड, दिसायला सारखेच. परत बांधताना कुठली कुणाची, कळेना. अंदाजानं बांधल्या. कापसाचे चार डोळे वर बघत होते.

पुढे चोचींची मापं जुन्या नोंदींशी जुळेनात. नोंदीखाली 'तपासलं' म्हणून सही काकूंची होती. संग्रहालयाचा साहेब त्यांच्याशी फार गोड बोलला: या वयात नजर दगा देते.

काकूंनी मला जिन्यात गाठलं. "तू होतास ना रे? मी कापला का दोरा?"

"आठवत नाही, काकू."

त्या यायच्या बंद झाल्या.

यंदा, एवढ्या वर्षांनी, त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थबकलो. प्रत्येक बरणीच्या गळ्यात दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. मीठ. साखर. काचेची बरणी, आत हळद ढळढळीत दिसतेय, तरी चिठ्ठी: हळद. कपाटाच्या फळ्यांवर ओळीनं, गप्प.

"माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही रे," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून."

मी नकळत खाकरलो. मग सांगितलं. सगळं.

काकू कपाटाकडे वळल्या. मग हळदीची बरणी उतरवून गाठ सोडवू लागल्या. सुटेना. त्यांनी खणातून कात्री काढली आणि माझ्यापुढे धरली.

"घे, काप. तुला सवय आहे."