अण्णांचं आजारपण आणि माझी मिशी

पंधरा वर्षं मी पडद्यावर हवालदार, शिपाई, नवरीचा मामा असलं काहीबाही होत आलो. दोन वाक्यं बोलायची आणि गायब व्हायचं. मग एका वेब मालिकेत पोलीस पाटलाची चांगली लांबलचक भूमिका मिळाली आणि तिच्यासाठी पाच महिने मिशी वाढवली. दिग्दर्शकाने बजावलं होतं, चिकटवलेली मिशी जवळून लगेच ओळखू येते, तेव्हा काम संपेपर्यंत हिला कात्री लावायची नाही.

अर्धं शूटिंग झालं आणि मधे महिनाभराची सुट्टी पडली. त्याच आठवड्यात पूर्णेहून धाकट्या भावाचा फोन आला, अण्णांचं खाणं सुटलंय, ये.

अण्णा म्हणजे आमचे वडील. रेल्वेत गँगमन होते, उन्हातान्हात रूळ सांभाळलेला काटक माणूस. आता पाहिलं तर अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर म्हणाले, काही नेम नाही. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी डोक्यात आलं ते हे, की वडील गेले तर थोरल्या मुलाला डोक्याचे केस आणि मिशी द्यावी लागते, आणि शूटिंग पंचवीस दिवसांवर आलंय. तो थोरला मीच.

ते एकदा मनात शिरलं ते निघेचना. रोज सकाळी आधी अण्णांची छाती हलते का बघायचं, मग मोरीतल्या आरशात मिशी बघायची. त्यांनी दोन चमचे वरणाचं पाणी घेतलं की मला बरं वाटायचं, आणि ते कशासाठी वाटतंय हे कळून स्वतःची शिसारी यायची.

शूटिंगला निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांची दाढी करत होतो.

"तुझं काम कवा सरतंय?" अण्णांनी विचारलं.

"गेल्यावर बावीस दिवस लागतेत."

"मंग तवर मी कुठं जात न्हाई."

माझा हात थांबला. "असं काय बोलायलात अण्णा?"

"आल्यापासून आरशापुढंच हायस. मला दिसत न्हाई व्हय?" ते हसले. "राहू दे. लय झोकात दिसायलास."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून दाढी पुरी केली आणि दुपारची गाडी पकडली.

ते बावीस दिवस मी रोज संध्याकाळी फोन केला. तब्येतीचं ते काही बोलायचे नाहीत, किती दिवस उरले तेवढं विचारायचे. शेवटच्या दिवशी मी "संपलं अण्णा" म्हणालो तेव्हा पलीकडे एवढी शांतता झाली की मी घाबरून हाका मारायला लागलो. "हाय की," ते म्हणाले.

त्याला चार महिने झाले. अण्णा आहेत, पण भाऊ सांगतो, कूस बदलतानासुद्धा कण्हतात. गेल्या आठवड्यात दिग्दर्शकाने कळवलं, दुसरं पर्व करायचंय, मिशी ठेवा. मी ताबडतोब हो म्हणालो. अण्णांना सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ते पुन्हा थांबतील.

"नवं काम लागलं का?" ते फोनवर विचारतात.

"न्हाई अण्णा, मी रिकामाच हाय," मी म्हणतो, आणि त्यांनी ते खरं मानलं तर काय, या भीतीने दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा फोन लावतो.